एअर रायफलची पीप साइट सेट करायचीय? आधी नॉबवरचा हात काढा

आमच्या रेंजवर मागच्या शनिवारी आठवीतली एक पोरगी नवीन घेतलेली रायफल घेऊन आली, सोबत वडील. पहिला पेलेट टार्गेटवरच्या सातच्या वर्तुळात डावीकडे गेला की वडिलांनी मागून सांगायचं "उजवीकडे फिरव", मग आठला वर गेला की "खाली घे". असं करत करत पोरीने चाळीसेक पेलेट मारले आणि शेवटी साइट जिथून निघाली होती जवळपास तिथंच परत आली, कार्डावर मात्र चाळणी. वडील म्हणाले, सर, साइट खराब आहे. साइट ठणठणीत होती. मी रायफल टेबलावर ठेवून मागची साइट बोटांनी हलवून बघितली, तर ती रेलवर (रायफलवरची साइट बसवायची पट्टी) चक्क डुलत होती, क्लॅम्पचे स्क्रू कुणी आवळलेच नव्हते.

हे दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं होतं म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. हे १० मीटरच्या ४.५ मिमी मॅच एअर रायफलबद्दल आहे, म्हणजे पुढे रिंग आणि मागे पीप (डायॉप्टर, बारीक भोकातून बघायची साइट) असलेली. साध्या स्प्रिंगवाल्या रायफलच्या उघड्या साइटबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलंय. क्रम बदलू नका, कारण बहुतेकांची गडबड क्रमातच होते, लोक टप्पा ७ पासून सुरू करतात.

टप्पा १: तयारी, रायफल टेबलावर असतानाच

लागणारं सामान: साइटच्या स्क्रूला बसणारी ॲलन की, पट्टी (मिलिमीटरवाली), पेन्सिल, वही, एकाच डब्यातले पेलेट, आणि रायफल टेकवायला वाळूची पिशवी. वाळूची पिशवी नसेल तर जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवा, आत तांदूळ भरा, मस्त चालतं.

आधी सेफ्टी. बॅरल रिकामी, सेफ्टी फ्लॅग (बॅरल रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी) आरपार घातलेला, तोंड टार्गेटकडे. घरी सराव करणाऱ्यांनी मागे पेलेट ट्रॅप आणि त्यामागे पक्की भिंत असल्याशिवाय एकही पेलेट मारू नका. नुसत्या लोखंडी पत्र्यावर मारला तर पेलेट उलटा येतो, आणि १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघालेला पेलेट परत येताना डोळा घ्यायला पुरेसा असतो, तेव्हा चष्मा हवाच. पेलेट शिशाचे असतात, वडापाव खायच्या आधी हात साबणाने धुवा.

आता हे तपासा:

मागच्या साइटचे क्लॅम्प स्क्रू. रेल ११ मिमीची असते, साइट तिच्यावर नीट बसली पाहिजे, तिरकी नको. दोन स्क्रू असतील तर थोडा हा, थोडा तो असं आलटून पालटून आवळा. एकच पूर्ण आवळून मग दुसरा आवळला तर साइट एका बाजूला झुकते. जोर लावून पिळायचं पण नाही, रेलवर खुणा पडतात.

पुढची टनेल साइट (नळीसारखी, आत रिंग बसते ती), तसंच. आत रिंगचा इन्सर्ट पूर्ण खाली बसलाय का बघा, वरची चकती आवळलीय का बघा. हा इन्सर्ट सैल राहिला की ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या पेलेटच्या भोकांचा पुंजका) उगाचच पसरतो आणि माणूस ट्रिगरला दोष देत बसतो.

उंची वाढवायला रायझर ब्लॉक लावले असतील तर पुढे आणि मागे सारख्या उंचीचे हवेत. फक्त मागे लावला तर सगळे पेलेट कार्डाच्या वर जाणार, नॉब तळाला टेकला तरी खाली येणार नाहीत.

स्टॉकला (दस्त्याला) ॲक्शन, म्हणजे बॅरल-ट्रिगरचा धातूचा भाग, जोडणारे स्क्रू. हे कुणी बघतच नाही. स्टॉक आणि ॲक्शनमध्ये जरासा जरी खेळ असला तरी बाकी सगळं वाया.

हवेच्या सिलिंडरचं प्रेशर. भरलेला साधारण २०० बार. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमान आकड्याच्या खाली गेला की वेग घसरतो आणि पेलेट खाली पडायला लागतात, मग लोक साइट वर घेतात, दुसऱ्या दिवशी सिलिंडर भरला की सगळं वर!

✔ तपासणी: साइट बोटांनी धरून डावी-उजवी हलवा. केसाएवढं जरी हललं तरी पुढे जाऊ नका.

टप्पा २: साइट मधोमध आणा

विंडेजचा (डावा-उजवा) नॉब एका टोकापर्यंत हळूच न्या, जोर नाही, अडला की थांबा. मग दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा. समजा सहा झाले, तर तीन फेरे परत या. एलिव्हेशनचंही (वर-खाली) असंच. हे झालं साइटचं यांत्रिक केंद्र, आणि हा आकडा वहीत. सेकंडहँड रायफल घेतली असेल तर हे केल्याशिवाय सुरुवातच करू नका, आधीच्या माणसाची मान, गाल, डोळा वेगळा असतो, त्याचं झीरो (नेम धरला तिथेच पेलेट पडावा असं जुळवलेलं साइटचं सेटिंग) तुमच्या काहीच कामाचं नाही.

टप्पा ३: रिंग आणि आयरिस

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण पोरं हमखास बारीक रिंग निवडतात, त्यांना वाटतं बारीक म्हणजे अचूक.

१० मीटर रायफल टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिमी. तुमची पुढची साइट डोळ्यापासून साधारण ९० सेंटिमीटरवर असते. म्हणजे तो काळा गोल पुढच्या साइटच्या जागी दिसायला ३०.५ × ०.९ ÷ १० = पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास. आता तुम्ही ३.० ची रिंग घातलीत तर काळ्याभोवती पांढरं उरतं किती? नावाला. तुमचा होल्ड (नेम धरलेली रायफल) हलतो त्याहून ते पांढरं कमी, म्हणजे काळा सारखा रिंगला चिकटतो, डोळा घाबरतो, आणि ट्रिगर खेचला जातो. नवख्यांनी ३.८ ते ४.२ च्या दरम्यान सुरू करावं असं माझं मत आहे. मधोमध काळा, भोवती चांगलं रुंद पांढरं. होल्ड स्थिर झाला की मग हळूहळू लहान करत या.

मागच्या आयरिसचं (पीपचं भोक लहान-मोठं करणारी चकती) भोक साधारण १.० ते १.३ मिमी. फार उघडलं तर काळ्याच्या कडा फुगतात, फार बंद केलं तर सगळं करडं दिसतं आणि डोळा पाच मिनिटांत थकतो. पत्र्याच्या शेडमधली रेंज असेल आणि पावसाळी दिवस असेल तर थोडं उघडावं लागतं. पण हे झीरो करायच्या आधी ठरवायचं, झीरो झाल्यावर आयरिस चाळवायची नाही.

⚠ सूचना: टार्गेटवरचा लाइट मॅचमध्ये असेल तसाच लावा. खिडकीच्या उजेडात झीरो करून ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये मॅच खेळलात तर फरक पडणारच.

टप्पा ४: गाल, डोळा, कॅन्ट

चीकपीस (स्टॉकवर गाल टेकवायचा भाग) असा सेट करा की डोळे मिटून गाल ठेवला आणि मग डोळा उघडला तर थेट पीपच्या मधून पुढची टनेल मधोमध दिसली पाहिजे. मान ताणून किंवा गाल दाबून शोधावी लागत असेल तर चीकपीस चुकलाय. चाळिसाव्या शॉटला मान थकणार, गाल वेगळ्या जागी बसणार आणि शॉट सरकणार, मग परत साइट फिरवणार. पीपपासून डोळा किती लांब ते प्रत्येकाचं वेगळं, पण दर वेळी तेवढंच हवं. मी रबर आयकप काढून ठेवायला सांगतो, कारण पोरं त्याला भुवई टेकवतात.

दिसायला काय हवं: मागच्या भोकाचा धूसर गोल, त्यात टनेलचा गोल, त्यात रिंग, त्यात काळा. चार गोल, सगळ्यांचं केंद्र एकच, आणि नजर रिंगवर. काळा जरा धूसर दिसला तर दिसू दे.

कॅन्ट म्हणजे रायफल एका बाजूला कलणं. उजवीकडे कलली की पेलेट उजवीकडे आणि थोडा खाली जातो, डावीकडे कलली की डावीकडे आणि खाली. उभ्याने मारताना डोक्याकडे थोडं कलवणारे पुष्कळ आहेत, त्यात काही चूक नाही, फक्त रोज तेवढंच कललं पाहिजे. ज्या इन्सर्टला दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या असतात तो घ्या, पट्ट्या बघून लगेच कळतं.

टप्पा ५: ग्रुप, आणि फक्त ग्रुप

पिशवीवर रायफल टेकवून बसा. हात पिशवीवर, रायफल हातावर. बॅरल किंवा सिलिंडर पिशवीला टेकवू नका. पहिले तीन-चार पेलेट मोजू नका. मग नवीन कार्ड लावा आणि पाच पेलेट, नॉबला हात न लावता. कुठेही जाऊ देत, सहाला जाऊ देत, कार्डाच्या कोपऱ्यात जाऊ देत, हात लावायचा नाही. हे सांगायला सोपं आणि करायला महाकठीण आहे, मला स्वतःला अजून हात शिवशिवतो.

पेलेट एकाच ब्रँडचे, एकाच डब्यातले, एकाच हेड साइजचे (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीमध्ये). ४.४९ आणि ४.५० चे डबे मिसळून मारलेला ग्रुप काहीच सांगत नाही.

आता पाच भोकांचं केंद्र काढायचं. लोक डोळ्याने अंदाज करतात आणि त्यात नेमका एक भरकटलेला शॉट त्यांना फसवतो. माझी पद्धत सोपी आहे: डावीकडून मोजत तिसरं भोक शोधा, त्याच्या मधून उभी रेघ मारा. वरून मोजत तिसरं भोक शोधा, त्याच्या मधून आडवी रेघ मारा. दोन रेघा जिथे छेदतात ते ग्रुपचं केंद्र. एखादा शॉट खेचला गेला असला तरी तो या रेघा फारशा हलवत नाही.

✔ तपासणी: पिशवीवरून मॅच रायफलचा ग्रुप एकाच फाटक्या भोकासारखा यायला हवा, बाहेरून बाहेर ७-८ मिमीच्या आत. तो २० मिमी पसरला असेल तर साइट फिरवून उपयोग नाही. टप्पा १ ला परत जा, स्क्रू बघा, मग पेलेटचा दुसरा डबा बघा.

टप्पा ६: तुमचा एक क्लिक म्हणजे किती

क्लिक म्हणजे नॉब फिरवताना वाजणारी एक टिक, आणि तिने पेलेट किती सरकतो ते हवंय. मॅन्युअलमधला आकडा चालतो, पण तो एका ठरावीक साइट रेडियससाठी असतो, म्हणजे पुढची आणि मागची साइट यांच्यातल्या अंतरासाठी. तुम्ही साइट रेलवर पुढे-मागे केली की तो बदलतो. त्यामुळे एकदा स्वतः मोजा.

पाच पेलेटचा ग्रुप आहेच. आता एलिव्हेशन २० क्लिक वर द्या, त्याच जागी नेम धरून आणखी पाच पेलेट मारा. दोन केंद्रांमधलं अंतर मोजा. समजा ६ मिमी आलं, तर ६ ÷ २० = ०.३ मिमी प्रति क्लिक. विंडेजचंही असंच. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात.

या चाचणीत दुसरी एक गोष्टही कळते, नॉब कुठल्या दिशेला फिरवला की पेलेट कुठे जातो. जर्मन साइटवर एच, टी, आर, एल अशी अक्षरं असतात: होख म्हणजे वर, टीफ म्हणजे खाली, रेख्ट्स उजवं, लिंक्स डावं. घोळ असा की काही साइटवर "शॉट उजवीकडे पडतोय तर आर कडे फिरवा" असा अर्थ असतो आणि काहींवर "शॉट उजवीकडे न्यायचाय तर आर कडे फिरवा" असा. मी एका जिल्हा मॅचला दुसऱ्याची रायफल घेऊन उतरलो होतो, साइटिंगची (मोजणीआधी साइट जुळवायला शॉट मारायची वेळ) शेवटची दोन मिनिटं उरलेली, दोन क्लिक चुकीच्या बाजूला, मग घाईत आणखी चार त्याच बाजूला. पहिली सिरीज काय झाली ते सांगत नाही. आता टेपच्या तुकड्यावर मराठीत "शॉट →" असं लिहून नॉबशेजारी चिकटवतो.

मूळ नियम डोक्यात ठेवा: मागची साइट शॉट जिकडे न्यायचाय तिकडेच हलते, पुढची साइट उलट्या बाजूला.

टप्पा ७: आता फिरवा

उदाहरण घेऊ. ग्रुपचं केंद्र मध्यापासून ७ मिमी डावीकडे आणि ४ मिमी खाली, क्लिक ०.३ मिमीचा. तर ७ ÷ ०.३ म्हणजे २३ क्लिक उजवीकडे, ४ ÷ ०.३ म्हणजे १३ क्लिक वर. एकदम द्या, पूर्ण द्या. "आधी अर्धं देऊन बघतो" हे करू नका, हिशेब केलाय तर त्याच्यावर भरवसा ठेवा.

रिंगच्या (टार्गेटवरची गुणांची वर्तुळं, साइटमधली रिंग नव्हे) भाषेत हवं असेल तर: या टार्गेटवर एक रिंग म्हणजे त्रिज्येत २.५ मिमी. म्हणजे ०.३ च्या क्लिकने साधारण आठ क्लिकला एक रिंग. आणि दशांशात गुण मोजले तर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिमी, जवळपास एक क्लिक.

⚠ सूचना, बॅकलॅश: नॉबची दिशा उलटली की पहिले एक-दोन क्लिक कधीकधी नुसतेच वाजतात, साइट हलत नाही. म्हणून शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने संपवा. मी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने संपवतो. उलट्या बाजूला १३ जायचं असेल तर १८ जाऊन ५ परत येतो.

मग पुन्हा पाच पेलेट. केंद्र मध्यापासून एक-दीड मिलिमीटरच्या आत आलं की पिशवीवरचं काम संपलं.

टप्पा ८: उभं राहून खरं झीरो

पिशवीवरचं झीरो कच्चं असतं. उभं राहिलं की खांद्याचा दाब, गालाचा दाब, कॅन्ट, सगळं बदलतं, दोन-तीन मिलिमीटर सरकणं अगदी नेहमीचं. जॅकेट-ट्राउझर घालून, बूट घालून, मॅचमध्ये उभे राहता तसेच उभे राहा.

नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. रिंग काळ्यावर नसेल, डावीकडे गेली असेल, तर हाताने ओढून आणू नका, मागचा पाय थोडा सरकवा. वर-खाली असेल तर हाताची पकड किंवा बटप्लेटची (खांद्याला टेकणारा भाग) उंची बदला. ही पोझिशन न जुळवता साइट फिरवली तर तुम्ही तुमच्या स्नायूंचा ताण साइटमध्ये भरताय, ताण सैल पडला की झीरो गेलं.

मग दहा पेलेट. पाच पुरत नाहीत, कारण उभ्याने नवख्याचा ग्रुप सहज २५ मिमी पसरतो. प्रत्येक शॉट सुटला त्या क्षणी रिंग कुठे होती ते तोंडाने बोला, "तीनवर सुटला", घड्याळासारखं. बोललेलं आणि पडलेलं जुळत असेल तर तो शॉट तुमचा, साइटचा नाही. बोलला मधला, पडला डावीकडे, आणि असं दहापैकी सहा-सात वेळा झालं, तरच विंडेज द्या. केंद्र काढायची पद्धत तीच, दहा भोकांत पाचव्या आणि सहाव्याच्या मधून रेघ.

मॅचच्या दिवशी तयारी आणि साइटिंग मिळून १५ मिनिटं असतात, साइटर (न मोजले जाणारे शॉट) हवे तेवढे. त्यात वर लिहिलेलं सगळं करायचं नसतं. पाच साइटर, लागलं तर क्लिक, पुन्हा पाच, संपलं. नंतर ६० शॉटला ७५ मिनिटं आहेत (इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर), मॅचमध्ये लागोपाठ तीन शॉट बोललेल्या जागेपासून एकाच बाजूला गेले तर दोन क्लिक द्यायला घाबरू नका. एका ९.१ वरून मात्र काही देऊ नका.

साध्या, उघड्या साइटवाल्या रायफली

गावाकडे बऱ्याच जणांकडे स्प्रिंगवाली रायफल असते, कधी सुताराकडून नवा स्टॉक बनवून घेतलेला. त्यात गंमत अशी की स्टॉक उंच झाला तर गाल वर, डोळा वर, मागच्या खाचेतून पुढचा दांडा नीट दिसतच नाही आणि शॉट वर जातात. तिथे स्टॉक तासा, साइट नको.

नियम तोच, मागची खाच वर केली की शॉट वर. स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरू नका, सुटताना तिला जरा उडू द्या, नाहीतर रोज वेगळा झीरो. आणि तिचे स्क्रू दर ५०-६० पेलेटला बघा, धक्क्याने सैल होतात.

मागची साइट पूर्ण वर नेली तरी शॉट खालीच पडत असतील तर पुढचा दांडा कानसावा लागतो. हिशेब: शॉट जितका खाली × साइट रेडियस ÷ अंतर. १० मीटरला ४० मिमी खाली आणि साइट रेडियस ४५० मिमी असेल तर ४० × ४५० ÷ १०००० = १.८ मिमी. पण सलग १.८ कानसू नका हं. मागची साइट आधी मधोमध आणा, नव्याने ग्रुप घ्या, हिशेब परत करा, मग त्याच्या निम्मं कानसून पुन्हा मारून बघा. धातू कापला की परत चिकटत नाही.

टप्पा ९: नोंद आणि प्रवास

वहीत लिहा: तारीख, रेंज, लाइट, पेलेटचा ब्रँड, हेड साइज आणि डब्यावरचा बॅच नंबर, रिंगचा आकार, आयरिस, प्रेशर, आणि दोन्ही नॉब यांत्रिक केंद्रापासून किती क्लिकवर आहेत. नवीन बॅचचा डबा उघडला की पिशवीवर पाच पेलेट मारून बघायचेच.

बसने-ट्रेनने जाताना मागची साइट काढून वेगळ्या डब्यात ठेवत असाल तर काढायच्या आधी रेलवर साइटच्या पुढच्या कडेला पातळ टेपची खूण करा, परत बसवताना तिथेच टेकवा आणि स्क्रू त्याच क्रमाने आवळा. पोचल्यावर पहिलं काम बोटांनी हलवून बघणं, आणि त्या पोरीच्या वडिलांसारखं कुणी मागून "उजवीकडे फिरव" म्हणालं तर त्यांच्या हातात पट्टी आणि पेन्सिल द्या, तिसरं भोक शोधायला सांगा.